दुसरी टाकी : जुन्या मोटारीचा पल्ला वाढवताना

10 जून 1907 रोजी पाच मोटारी पेकिंगहून पॅरिसला जायला निघाल्या. ‘ल मातँ’ या फ्रेंच वृत्तपत्राने दिलेल्या आव्हानातून ही मोहीम उभी राहिली होती. वाटेत सलग रस्ता नव्हता आणि गोबीच्या वाळवंटात पेट्रोल मिळण्याची सोयही नव्हती. म्हणून उंटांच्या तांड्यांबरोबर पेट्रोल आधीच पुढच्या मुक्कामांवर पाठवून ठेवले होते. पाचांपैकी एक गाडी म्हणजे काँताल कंपनीची हलकी तीनचाकी. ऑग्युस्त पाँस ती चालवत होता. गोबीत शिरल्यावर तिचे पेट्रोल संपले. पुढचा साठा गाठता येईना आणि मागे फिरणेही शक्य होईना. पाँस आणि त्याचा सोबती मरणाच्या दारात पोचले होते. वाळवंटातल्या भटक्या लोकांनी त्यांना वाचवले. गाडी मात्र तिथेच सोडून द्यावी लागली.

याच मोहिमेत इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेसे याची ‘इताला’ होती. सव्वासात लिटरहून मोठे इंजिन आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे बसवलेल्या लांबट, मोठ्या टाक्या. 10 ऑगस्टला ती सर्वांच्या आधी पॅरिसला पोचली आणि आज ती तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. बोर्गेसेच्या यशामागे पैसा होता, काटेकोर पूर्वतयारी होती आणि एत्तोरे ग्विझार्दीसारखा जाणता मेकॅनिकही होता. त्या तयारीत पेट्रोलचा हिशेब सर्वांत वरचा होता. दोन साठ्यांमधले अंतर किती आणि आपली गाडी एका भरण्यात किती जाते, याचे उत्तर त्याच्याकडे निघण्यापूर्वीच तयार होते.

मोटारीला जादा टाकी बसवण्याची कल्पना अशी मोटारीच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. आजही जुन्या गाड्या हौसेने जपणारी माणसे लांबच्या प्रवासाला निघताना तिच्याकडेच वळतात. गॅरेजमध्ये हे काम सोपे वाटते. पत्र्याची एक पेटी करायची, दोन पाइप काढायचे, मधे कॉक टाकायचा. पण प्रत्यक्षात पेटी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. पेट्रोल जिथून निघते तिथे हवा कशी शिरणार, वजन कोणत्या चाकावर पडणार, वाफ कुठे जाणार आणि गडबड झाली तर पुरवठा कुठे तोडायचा, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजे खरी दुसरी टाकी.

आधी हिशेब, मग पत्रा

मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमध्ये, चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळ तांडी नावाचे ठिकाण आहे. पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे, असे सांगणारी तिथल्या पेट्रोलपंपावरची पाटी लडाखला जाणाऱ्या कित्येकांनी फोटोत टिपली आहे. महाराष्ट्रात एका पंपाचा दिवा मागे पडतो न पडतो तोच दुसऱ्याचा दिसतो. त्यामुळे आपल्याला पल्ल्याची काळजी सहसा पडत नाही. तांडीसारख्या ठिकाणी ती पडते.

उदाहरणादाखल एक जुनी गाडी घेऊ. टाकी 40 लिटरची, सपाट रस्त्यावर लिटरला 11 किलोमीटर. कागदावर पल्ला झाला 440 किलोमीटर, म्हणजे 365 सहज पार. पण डोंगरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढायचे असते. शिवाय उंचीवर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो जवळपास पूर्वीइतकेच पेट्रोल सोडत राहतो. मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिनाची ताकद घटते आणि पेट्रोल वाया जाते. लिटरला 8 किलोमीटर धरले तर पल्ला 320 वर येतो. टाकीच्या तळातले शेवटचे तीन-चार लिटर चढ-उतारावर पाइपच्या तोंडाशी नीट येतीलच असे नाही. ते वजा केले की हाती राहतात 290 किलोमीटर.

आता गरज मोजू. अंतर 365, त्यावर वळसे, रस्ता बंद, गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहणे यांसाठी आणखी 65 धरा. 430 किलोमीटरला 54 लिटर, अधिक तळाचे 4, मिळून 58. मूळ टाकी 40 ची. म्हणजे कमतरता 18 लिटरची. वीस लिटरची छोटी टाकी पुरते. हा हिशेब न मांडता ‘बसवतोच आहोत तर मोठीच बसवू’ म्हणून साठ लिटरची टाकी डिकीत घातली, तर पुढच्या सगळ्या अडचणी तिपटीने वाढतात.

वीसच लिटर हवे असतील आणि असा प्रवास दहा वर्षांतून एकदा होणार असेल, तर टाकीऐवजी जेरीकॅनचा विचार प्रामाणिकपणे करायला हवा. 1930 च्या दशकात जर्मन सैन्यासाठी घडवलेल्या या वीस लिटरच्या डब्यात फार शहाणपण आहे. दोन माणसांना मिळून उचलता यावा आणि एका माणसाला दोन रिकामे डबे एका हातात धरता यावेत म्हणून तीन मुठी, पेट्रोल फुगले तर जागा असावी म्हणून आतच राखलेली हवेची पोकळी, आणि कडा घासून गळू नये म्हणून खोलगट जागेत लपवलेला वेल्डिंगचा सांधा. उत्तर आफ्रिकेच्या युद्धात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळत की त्यांनी पकडलेले जर्मन डबे आनंदाने वापरले आणि पुढे त्यांची नक्कल केली. मात्र जेरीकॅन बसण्याच्या जागेत ठेवायचा नाही, गाडीत ठेवून भरायचा नाही आणि घट्ट बांधल्याशिवाय न्यायचा नाही. दुसरी टाकी खरी उपयोगी पडते ती लांबचे प्रवास वारंवार करणाऱ्याला किंवा रॅलीत उतरणाऱ्याला.

मुंबईमार्गे सिडनी

रॅलीच्या इतिहासात या विषयाची मोठी परीक्षा 1968 मध्ये झाली. लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या 98 गाड्या 24 नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली असा प्रवास करत त्यांतल्या 72 गाड्या मुंबईला पोचल्या. इथून ‘चुसान’ या जहाजाने त्या ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलला गेल्या आणि पर्थहून पुन्हा धावू लागल्या. 17 डिसेंबरला सिडनीत शर्यत संपली तेव्हा 56 गाड्या उरल्या होत्या. पहिली आली हिलमन हंटर. अँड्र्यू कोवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल या तिघांची. हंटर ही साधी घरगुती ब्रिटिश मोटार. आपल्याकडच्या अँबॅसिडर-फियाटच्या पिढीशी तिचे नाते सांगता येईल.

या स्पर्धेसाठी तयार केलेल्या गाड्यांत जादा पेट्रोलची सोय ही सर्रास गोष्ट होती आणि तिची कारणे फक्त अंतरापुरती नव्हती. ठरलेल्या वेळेत तपासणीचे ठाणे गाठायचे असते, म्हणून पंपावरचा प्रत्येक थांबा महागात पडतो. रात्री पंप बंद असतात. आणि त्या काळी वाटेतल्या कित्येक ठिकाणी मिळणारे पेट्रोल कमी ऑक्टेनचे असे. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात ते घातले की नॉकिंग सुरू होते आणि पिस्टनला धोका पोचतो. चांगले पेट्रोल मिळेल तिथे पोटभर भरून घेता आले, तर वाईट पेट्रोलच्या प्रदेशातून निभावून जाता येते. आजही जुन्या गाडीच्या मालकाला दुसरी टाकी हवी असण्यामागे हे कारण असू शकते.

कारखान्यातूनच दोन टाक्या घेऊन आलेल्या गाड्याही आहेत आणि नव्याने काम करणाऱ्याने आधी त्या पाहाव्यात. जुन्या लँड रोव्हरमध्ये पुढच्या सीटखाली टाकी असे आणि मागितल्यास दुसऱ्या सीटखाली आणखी एक मिळे. कोणती वापरायची ते कॉक फिरवून ठरवायचे. 1968 च्या जॅग्वार एक्सजे-6 मध्ये मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक टाकी होती आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने टाकी बदलता येई. दोन्हींत टाकीची जागा, तिची हवा आणि तिचा काटा यांचा विचार गाडीच्या आराखड्यातच झालेला दिसतो. तो विचार आपल्याला नंतर करायचा असतो, एवढाच फरक.

वजन कुठे पडते

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. लिटरला साधारण 740 ग्रॅम. पन्नास लिटरचे 37 किलो, टाकी आणि पट्ट्यांचे 8 धरून 45 किलो झाले. एवढे वजन डिकीच्या टोकाला, मागच्या अॅक्सलच्या 60 सेंटिमीटर मागे ठेवले आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2.4 मीटर असले, तर काय होते पाहा. अॅक्सलच्या मागचे वजन तरफेसारखे काम करते. मागच्या चाकांवर 45 ऐवजी 56 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 11 किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगचा नेमकेपणा कमी होतो. मागचे पाटे आधीच चाळीस-पन्नास वर्षे दबलेले असतात, ते आणखी बसतात आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जाण्याचा कल वाढतो.

म्हणून टाकीची सर्वांत चांगली जागा म्हणजे मागच्या अॅक्सलच्या थोडी पुढे आणि शक्य तितकी खाली. मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या आतल्या भिंतीला लागून अशी जागा बहुतेक सेडान गाड्यांत मिळते. धडक बसली तरी तिथे अॅक्सल आणि चासीचा आधार राहतो. मागच्या बंपरजवळची टाकी मात्र पहिल्याच तडाख्यात सापडते. स्टेपनीच्या खळग्यात टाकी बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिथे ती खाली असते हे बरोबर, पण बंपरजवळही असते आणि सायलेन्सरचा पाइप बहुधा शेजारूनच गेलेला असतो. गाडीच्या पोटाखाली टाकी घेतली तर दगडांपासून वाचवायला जाड पत्र्याचे कवच लागते.

पेट्रोल हे हलणारे वजन आहे हेही विसरता येत नाही. अर्ध्या भरलेल्या टाकीत वळणावर सगळा साठा एका बाजूला धावतो, ब्रेक लावला की पुढे आदळतो. गाडी डगमगते आणि पाइपचे तोंड क्षणभर उघडे पडून पंप हवा ओढतो. म्हणून आत आडवे-उभे पडदे, म्हणजे बॅफल, घालतात. त्यांचे खालचे कोपरे कापलेले असतात, म्हणजे पेट्रोल हळू पलीकडे जाते पण उसळत नाही. तळाला एक छोटा खळगा ठेवून पुरवठ्याचा पाइप तिथे, तळापासून जरा वर टेकवला तर शेवटचे पेट्रोलही मिळते आणि बसलेला कचरा पाइपात चढत नाही. टाकी पट्ट्यांनी बांधताना खाली नमदा घालू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून सडतो. पेट्रोल-तेल सोसणाऱ्या रबराच्या पट्ट्या बऱ्या.

हवेलाही वाट हवी

घरगुती टाक्यांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हवेकडे. लिटरला 9 किलोमीटर देणारी गाडी ताशी 60 ने चालली तर तासाला सुमारे पावणेसात लिटर पेट्रोल टाकीबाहेर जाते. तेवढीच हवा आत यायला हवी. ती वाट बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा पत्र्यावर दाबू लागते. 40 बाय 50 सेंटिमीटरच्या एका बाजूवर हवेच्या दाबाचा फक्त दहावा हिस्सा फरक पडला तरी तिथे सुमारे 200 किलोचा भार येतो. पातळ पत्रा त्याखाली आत चेपतो. त्याच्याही आधी पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते आणि गाडी बंद पडते. चालक उतरून टाकीचे झाकण उघडतो, फुस्स आवाज येतो, गाडी चालू होते आणि वीस किलोमीटरवर पुन्हा बंद पडते. हे लक्षण दिसले की कार्ब्युरेटर खोलत बसण्याऐवजी ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा घेणारा पाइप, बघावा.

हवेची वाट उलट दिशेनेही लागते. जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल आपण काठोकाठ भरतो आणि गाडी उन्हात लावतो. 20 अंश तापमान वाढले की पन्नास लिटरचे जवळपास एक्कावन्न लिटर होतात. तो लिटरभर वाढावा कुठेतरी जाणारच. म्हणून टाकीत वर मोकळी जागा राहील अशा उंचीवर फिलर नेक संपवायची, आणि ब्रीदरचा पाइप टाकीच्या सर्वांत उंच बिंदूवरून काढून, वर एक वळसा देऊन, मग गाडीबाहेर खाली सोडायचा. गाडी उलटली तर त्यातून पेट्रोल वाहू नये म्हणून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह त्यात बसवतात. त्याचे तोंड डिकीत उघडे ठेवणे म्हणजे डिकीत वाफ साठवणे.

दोन टाक्या, एक इंजिन

दोन टाक्या जोडण्याच्या तीन रीती आहेत. पहिली गुरुत्वाकर्षणाची. जादा टाकी मुख्य टाकीपेक्षा उंच, मधे कॉक. मुख्य टाकी अर्धी झाली की कॉक उघडायचा. यात बिघडण्यासारखे काही नाही. पण वजन वर जाते आणि कॉक गळला तर सगळे पेट्रोल आपोआप खाली येते. गुरुत्वाकर्षणावर विसंबण्याची मर्यादा फोर्ड मॉडेल टी चालवणाऱ्यांना चांगली माहीत होती. तिची टाकी सीटखाली होती. पेट्रोल कमी असताना तीव्र चढावर ते पुढे इंजिनाकडे उतरत नसे, म्हणून लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत.

दुसरी रीत म्हणजे जादा टाकीतून मुख्य टाकीत पेट्रोल पाठवणारा छोटा विजेचा पंप. माझ्या मते हौशी मालकासाठी हीच सर्वांत शहाणी रीत आहे. इंजिनाकडे जाणारी मूळ लाइन, मूळ पंप, मूळ काटा यांतल्या कशालाही हात लागत नाही. जादा व्यवस्था पूर्ण बिघडली तरी गाडी मुख्य टाकीवर चालत राहते. धोका एकच: पंप चालू ठेवून विसरणे. मुख्य टाकी भरून वाहू लागेल. यावर उपाय सोपा आहे. मुख्य टाकीच्या काट्याने पाव दाखवेपर्यंत पंप लावायचाच नाही, जादा टाकीचे माप मुख्य टाकीत सामावेल एवढेच ठेवायचे, आणि पंप चालू असताना डॅशबोर्डवर लाल दिवा पेटता ठेवायचा. 20 लिटरची टाकी 40 लिटरच्या टाकीत पाव उरलेला असताना पूर्ण रिती केली तरी सांडण्याची भीती नाही. मघाशी मांडलेला छोट्या टाकीचा हिशेब इथे पुन्हा उपयोगी पडतो.

तिसरी रीत जुन्या लँड रोव्हरची: दोन्ही टाक्यांच्या लाइन एका तिहेरी कॉकवर आणायच्या आणि तिथून एकच लाइन इंजिनाकडे न्यायची. कार्ब्युरेटरच्या गाडीला हे चालते, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोल एकाच दिशेने जाते. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र न वापरलेले पेट्रोल टाकीकडे परत येते. पुरवठ्याची टाकी बदलली आणि परतीची लाइन तशीच राहिली, तर एका टाकीतून घेतलेले पेट्रोल दुसऱ्या भरलेल्या टाकीत जाऊन बाहेर सांडते. तिथे पुरवठा आणि परती दोन्ही एकदम बदलणारा व्हॉल्व्ह लागतो.

पंप निवडताना दाब पाहावा. जुन्या कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई साधारण दोन ते चार पौंड दाब सोसते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट दाब देतो. तो थेट कार्ब्युरेटरला जोडला तर सुई उघडी राहते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ओघळते. विजेचा पंप ढकलायला चांगला, ओढायला तितकासा नाही. म्हणून तो टाकीजवळ, खालच्या पातळीवर बसवायचा आणि त्याच्या आधी फिल्टर द्यायचा. मागे बसवलेल्या अशा पंपाने थेट इंजिनाकडे पुरवठा केला तर आणखी एक फायदा मिळतो. मूळ यांत्रिक पंप इंजिनावर असतो, तो गरम असतो आणि मागून पेट्रोल ओढताना लाइनमधला दाब कमी करतो. समुद्रसपाटीपासून 5,300 मीटर उंचीच्या खिंडीत हवेचा दाब निम्म्याच्या आसपास आलेला असतो. कमी दाब आणि गरम पाइप मिळून पेट्रोल लाइनमध्येच उकळते, वाफेचा गोळा अडकतो आणि पंप नुसता हलत राहतो. मागून ढकललेल्या पेट्रोलवर दाब राहतो, त्यामुळे ते सहज उकळत नाही.

दोन चमचे पेट्रोल

पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. टाकीत पेट्रोल असताना आत बहुधा यापेक्षा जास्त वाफ असते, म्हणून बंद टाकी आतून सहसा पेटत नाही. धोका टाकीच्या बाहेर असतो. चारशे लिटरच्या डिकीत 25-30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पेट्रोल वाफेत गेले तरी हिशेबाने ती डिकी पेटण्याजोगी होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, गालिच्याखाली साठते आणि नाकाला उशिरा कळते. डिकीचा दिवा, तिथे ठेवलेली बॅटरी, पंपाची सैल वायर, यांपैकी कशाचीही ठिणगी पुरते.

म्हणून डिकी आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये पत्र्याची, सांधे बुजवलेली भिंत हवी. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे फक्त पुठ्ठा आणि सीटची पाठ असते. पंपाच्या वायरला फ्यूज हवा, धडकेत आपोआप तुटणारा इनर्शिया स्विच हवा आणि इंजिन बंद पडले की पंपही बंद व्हावा अशी जोडणी हवी. फिलर नेकला रबरी तुकडा असेल तर टाकी आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची तार द्यावी, म्हणजे भरताना साठलेली स्थिर वीज ठिणगी न होता उतरते.

आणि जुनी टाकी कापून-जोडून नवी करण्याचा विचार सोडून द्यावा. टाकी रिकामी केली, धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली की ती सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते. खरे तर भरलेल्या टाकीतली वाफ पेटायला फार दाट असते. रिकामी केल्यावर ती विरळ होत होत नेमकी पेटण्याच्या टप्प्यात येते. सांध्यात, गंजात मुरलेले पेट्रोल वेल्डिंगच्या उष्णतेने पुन्हा वाफ सोडते. अशा स्फोटांनी माणसे मेली आहेत. हे काम करणारा खास कारागीर नसेल तर नवी टाकी नव्या पत्र्यातूनच करून घ्यावी.

पत्रा, रबर आणि इथेनॉल

आता भारतातल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुनी गाडी बनली तेव्हा तिच्या रबराने, डिंकाने आणि कथिल-शिशाच्या मुलाम्याने असे पेट्रोल पाहिलेले नव्हते. जुने होज आतून फुगतात, सोलतात आणि त्यांचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, तिथेच जिथे पुरवठ्याचा पाइप असतो. जादा टाकी महिनोन्‌महिने न वापरता भरून ठेवली तर हेच घडते. कोकणासारख्या दमट हवेत तर लवकर घडते. त्यामुळे तिच्यातले पेट्रोल फिरते ठेवायचे, आणि प्रवास नसेल तेव्हा तळाच्या बोल्टातून ती रिती करून कोरडी करायची.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. म्हणून अशा मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते आणि पल्लाही साधारण तितका घटतो. हिशेबात ही घट धरायलाच हवी. टाकीसाठी जाड अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील, होज इथेनॉल सोसणारे, लाइन पोलादाची किंवा तांबे-निकेलची. नुसत्या तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, पण सततच्या थरथरीने तो कडक होत जातो आणि एके दिवशी नटाजवळ तडकतो.

कागद आणि मूळ रूप

मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करू देत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सापडलेली न कळवलेली टाकी दाव्याच्या आड येते. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना त्यांत ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट.

या अटीकडे अडथळा म्हणून पाहू नये. जुन्या गाडीवर करायच्या कामाची ती चांगली कसोटी आहे. चासीत नवी भोके पाडायची नाहीत. सीट, स्टेपनी, टो-हुक यांच्या मूळ बोल्टांवर पट्ट्या घ्यायच्या. मूळ लाइन कापायची नाही. मधे जोड लागलाच तर जास्तीचा तुकडा बनवून मूळ पाइप जपून ठेवायचा. चार बोल्ट आणि दोन क्लॅम्प सोडले की गाडी कारखान्यातून आली तशी व्हावी. असे काम करणारा मिस्त्री वेळ जास्त घेतो. तो वेळ त्याला द्यावा आणि पैसेही द्यावेत, कारण घाईने केलेले भोक परत बुजत नाही.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी टाकी काठोकाठ भरून लांब निघू नये. पाच लिटर घालावे, गाडी चढावर नाक वर करून आणि मग नाक खाली करून रात्रभर उभी ठेवावी, सकाळी डिकी उघडल्याबरोबर वास घ्यावा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवावा. मग पूर्ण भरून शंभर किलोमीटर फिरून पुन्हा तेच करावे. त्यानंतर सगळ्या जोडणीचे एक साधे चित्र काढून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवावे: कोणता पाइप कुठून कुठे जातो, फ्यूज कुठे आहे, पुरवठा तोडायचा कॉक कोणता. एखाद्या रात्री हायवेवर अनोळखी मेकॅनिक त्या गाडीखाली शिरेल तेव्हा मालक शेजारी असेलच असे नाही, आणि कोणता कॉक आधी बंद करायचा हे त्याला त्याच क्षणी कळायला हवे.